बायोसचं कुलूप असू दे, किल्ली मालकाकडे हवी

गेमिंग लॅपटॉप चालू करताना एफ टू किंवा डिलीट दाबलं की बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, जो मेनू समोर येतो, त्यात फार काही नसतं. तारीख-वेळ, बूट ऑर्डर, सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सोय), पासवर्ड, फार तर एखादा परफॉर्मन्स मोड. लाख-सव्वा लाख मोजून घेतलेल्या यंत्राचा कारभार एवढ्यातच आटोपतो की काय, असं वाटावं. पण त्याच चिपमध्ये, त्याच फर्मवेअरच्या (चिपवर कायम साठवलेल्या या मूळ प्रोग्रॅमच्या) पोटात, आणखी शेकडो पर्याय असतात. प्रोसेसरला सलग किती वॅट द्यायचे आणि घटकाभर किती, व्होल्टेज किती खाली आणायचं, रॅम कोणत्या वेगाने चालवायची, कोणतं कुलूप लावायचं आणि कोणतं काढायचं. ते कोणी काढून टाकलेले नसतात. ‘हे दाखवू नकोस’ अशी एक अट तेवढी त्यांच्यापुढे लिहिलेली असते. मेनू तयार असतो, फक्त झाकलेला असतो.

बहुतेक विंडोज लॅपटॉपचं फर्मवेअर मुळात अमेरिकन मेगाट्रेंड्स, इनसाइड किंवा फिनिक्स या कंपन्यांकडून येतं. लॅपटॉप कंपनी त्यावर आपला लोगो आणि आपले रंग चढवते आणि बरीचशी पानं झाकते. एमएसआयच्या अनेक लॅपटॉपवर बायोसमध्ये उजवं शिफ्ट, उजवं कंट्रोल, डावं ऑल्ट आणि एफ टू एकदम दाबलं की ती पानं उघडतात, आणि बोटांची ही कसरत गेमिंगवाल्या पोरांना तोंडपाठ असते. बऱ्याच कंपन्या एवढीही सोय ठेवत नाहीत. मग फर्मवेअरची फाइल उघडायची, आतल्या मेनूंची यादी बाहेर काढायची, हव्या त्या पर्यायाचा पत्ता (मेमरीतली जागा) हुडकायचा आणि पेनड्राइव्हवरून बूट करून त्या पत्त्यावर नवा आकडा लिहायचा, असा उद्योग करावा लागतो.

हा उद्योग करणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. तरी सगळी दारं सताड उघडी टाका, असं माझं म्हणणं नाही. कुलूप असायला हरकत नाही. विकून टाकलेल्या यंत्राची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहते, हरकत त्याला आहे.

आधी गरज खरी आहे का ते पाहू, कारण ‘पोरांचे चाळे’ म्हणून हा विषय उडवून लावणारे बरेच भेटतात. चिपमधल्या लाखो-कोट्यवधी स्विचांच्या उघडझापीत जी वीज खर्ची पडते, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 1.2 व्होल्टवर चालणारी चिप त्याच वेगाने 1.1 व्होल्टवर चालली, तर हा खर्च सुमारे 16 टक्क्यांनी उतरतो. कारखान्यात व्होल्टेज ठरवताना हिशेब धरलेला असतो तो सगळ्यात अशक्त चिपचा. तीही कोलमडता कामा नये. म्हणजे बाकीच्यांना गरजेपेक्षा थोडं जास्तच मिळत असतं. ते जास्तीचं काढून घेणं म्हणजे अंडरव्होल्ट करणं. त्यात कोणतीही चिप तिच्या मर्यादेपलीकडे ताणली जात नाही. उलट ती थंड राहते, आणि उष्णतेमुळे वेग आपोआप उतरायचा थांबल्यावर काम जास्त होतं.

आता हे पुण्याच्या उन्हाळ्यात आणून ठेवा. शिमला ऑफिसच्या वेधशाळेचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतो, तेव्हा धनकवडीत किंवा कर्वेनगरात गच्चीवर चढवलेल्या खोलीत काय होत असेल ते तिथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही. लॅपटॉपच्या चाचण्या होतात त्या बहुधा एसी असलेल्या खोलीत. प्रोसेसरची वरची मर्यादा मात्र सगळीकडे तीच, साधारण 100 अंशांच्या आसपास. बाहेरची हवा पंधरा-सोळा अंशांनी तापली की पंख्याच्या हातातली तेवढी सवड गेलीच. शिवाय गेमिंग लॅपटॉप म्हणजे फक्त गेम, ही समजूतही जुनी झाली. मेकॅनिकलचा विद्यार्थी त्याच्यावर कॅड चालवतो, आर्किटेक्चरची मुलगी रेंडर लावून झोपते, कॉम्प्युटरवाले मॉडेल ट्रेन करतात. चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं आणि वर्कस्टेशनचे पैसे नाहीत, असे लोक हेच यंत्र घेतात. आधी पंखा साफ करा, थर्मल पेस्ट बदला, मागची बाजू थोडी उचलून ठेवा, हे सगळं बरोबरच आहे आणि मीही तेच सांगतो. पण हे सगळं करून झाल्यावरही उरणारी उष्णता आकड्यानेच कमी होते, आणि तो आकडा झाकलेला असतो.

इथे 2019 साली घडलेलं एक प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण कंपन्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यातून येतो, आणि माझ्या मते सगळ्यात कच्चाही.

तोवर अनेक इंटेल लॅपटॉपवर अंडरव्होल्ट करायला बायोसमध्ये शिरावंच लागत नसे. विंडोजमध्ये थ्रॉटलस्टॉप किंवा इंटेलचंच एक्सटीयू हे व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर उघडायचं, स्लायडर खाली ओढायचा. जास्त ओढला तर निळा स्क्रीन यायचा आणि रीस्टार्ट केलं की सगळं जिथल्या तिथे. डिसेंबर 2019 मध्ये बर्मिंगहॅम, ग्राट्स आणि लूव्हेनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची एक बंदिस्त कोठडी होती. खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमवर भरवसा नसला तरी गुपितं सुरक्षित राहावीत, म्हणून ती बांधलेली. संशोधकांनी दाखवलं, की ज्याच्या हाती यंत्राचे सर्वाधिकार आहेत त्याने नेमक्या क्षणी व्होल्टेज पुरेसं खाली आणलं, तर कोठडीतला हिशेब चुकतो आणि त्या चुकीवरून आतली किल्ली काढता येते. अत्यंत हुशार काम, वाद नाही. इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आणि बायोसचे अपडेट दिले, लॅपटॉप कंपन्यांनी ते पुढे पाठवले, आणि ज्या लोकांनी ‘सुरक्षा सुधारणा’ म्हणून निमूटपणे ते अपडेट केले त्यांचा स्लायडर दुसऱ्या दिवशी हलेनासा झाला.

आता बघा. घरी गेम खेळणाऱ्या किंवा प्रोजेक्ट करणाऱ्या माणसाचा या कोठडीशी संबंध जवळजवळ शून्य. हल्लेखोराला आधी त्याच्या यंत्राचे सर्वाधिकार हवेत. ते मिळाले तर तो व्होल्टेजशी खेळत कशाला बसेल, पासवर्ड आणि फाइली सरळ उचलून नेईल. पुढची गंमत तर याहून मोठी. अकराव्या पिढीपासून इंटेलने साध्या ग्राहकांच्या कोअर प्रोसेसरमधून एसजीएक्सच काढून टाकलं. जिच्यासाठी पहारा बसवला ती कोठडी पाडली, पण पहारा हलला नाही. बाराव्या पिढीपासून तर ‘अंडरव्होल्ट प्रोटेक्शन’ नावाने तो आणखी रीतसर झाला. एचएक्स मालिकेचे प्रोसेसर इंटेल ‘अनलॉक्ड’ म्हणून विकतं; त्यांच्यावरच्या काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय बायोसमध्ये उघड मिळतो, काहींमध्ये तीच चिप असून झाकलेला असतो. म्हणजे प्रश्न चिपच्या सुरक्षेचा राहिलेला नाही. त्या-त्या कंपनीच्या मर्जीचा आहे.

आणि या बंदीचा परिणाम काय झाला? जे लोक रीस्टार्टने निस्तरता येईल असा निरुपद्रवी खेळ करत होते, ते फर्मवेअरमध्ये घुसले. सुरक्षित वाट बंद झाली, धोक्याची तेवढी उरली. लपवाछपवीविरुद्ध माझं मुख्य गाऱ्हाणं हेच आहे. तिने कोणी थांबत नाही, सगळे फक्त मागच्या भिंतीवरून जातात.

त्या भिंतीवरून पडलेले लोक कुठे दिसतात, ते पुणेकराला माहीत आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास किंवा उपनगरात कुठल्याही लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहा. ‘पॉवर येतो, डिस्प्ले नाही’ असा एखादा लॅपटॉप असतोच, आणि चौकशीत कळतं की पोराने बायोसमध्ये काहीतरी केलं होतं. केलेलं असतं साधंच. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून एका पत्त्यावर एक आकडा लिहिलेला असतो. पण हे पत्ते कंपनी कुठेच छापत नाही, आणि बायोसच्या प्रत्येक आवृत्तीत ते बदलू शकतात. एका आवृत्तीत ज्या पत्त्यावर ओव्हरक्लॉकिंगचं (चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचं) कुलूप असतं, तिथे पुढच्या आवृत्तीत भलतंच काही येऊन बसलेलं असतं. डेस्कटॉपवर असं झालं तर मदरबोर्डचा सेल काढून पाच मिनिटं थांबायचं, हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. बऱ्याच लॅपटॉपवर तो चालत नाही, कारण हे आकडे सेलवर जगत नाहीत, फर्मवेअरच्याच फ्लॅश चिपवर कोरलेले राहतात.

मग कारागीर मागचं कव्हर उघडतो, बोर्डवरची आठ पायांची ती चिप शोधतो, तिला क्लिप लावतो किंवा गरम हवेने ती उचलतो आणि सीएच 341 ए नावाच्या काही शे रुपयांच्या प्रोग्रॅमरवर, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणावर, चढवतो. चिप 1.8 व्होल्टची असेल आणि घाईत तिला 3.3 दिले, तर ती गेली. जुना डंप, म्हणजे चिपमधला मजकूर, वाचता आला तर ठीक, नाहीतर बोर्डचा नंबर पाहून कुठून तरी ‘बिन’, म्हणजे फर्मवेअरची फाइल, मिळवायची, एमई (त्यातला इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग) क्लीन करायचं आणि फ्लॅश मारायचा. लॅपटॉप उठतो. फक्त त्याच्या पोटात आता कुठल्या तरी परक्या लॅपटॉपचा सिरियल नंबर असतो, कधी परकी विंडोज की असते, आणि ती बिन कोणी कुठे हाताळली होती याचा पत्ता नसतो. सुरक्षेच्या नावाखाली जे झाकलं, त्याची अखेर अनोळखी माणसाचं फर्मवेअर आपल्या यंत्रात बसण्यात होते. तपकीर गल्लीतल्या कारागिराला मी यात दोष देत नाही. त्याच्या हातात अधिकृत काहीच नाही. ना सर्किटचा नकाशा, ना मूळ फाइल, ना साधन. आहे त्यात तो जे करतो ते पाहून थक्क व्हायला होतं.

‘पण फर्मवेअर उघडं ठेवलं तर व्हायरस तिथे घुसतील’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. 2018 मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने ‘लोजॅक्स’ नावाचा घातक प्रोग्रॅम उघडकीला आणला. तो फ्लॅश चिपमध्ये जाऊन बसे, आणि विंडोज पुन्हा टाकलं, अगदी हार्ड डिस्क बदलली तरी टिकून राहत असे. अशा गोष्टीची भीती वाटलीच पाहिजे. सिक्युअर बूट, सही केलेलं फर्मवेअर, लेखनबंदी या गोष्टी उगाच आलेल्या नाहीत.

तरीही पहारेकऱ्यांची कामगिरी एकदा पाहावी. 2022 मध्ये ईसेटनेच लेनोवोच्या शंभराहून अधिक लॅपटॉप मॉडेलांमधल्या त्रुटी जाहीर केल्या. कारखान्यात वापरायचे दोन ड्रायव्हर चुकून ग्राहकांच्या यंत्रांत राहून गेले होते, आणि त्यांच्या जोरावर विंडोजमधूनच फ्लॅशची लेखनबंदी उठवता येत होती. एका ड्रायव्हरचं नाव होतं ‘सिक्युअर बॅकडोअर’. विनोद करायला जागाच ठेवली नाही. 2023 मध्ये एमएसआयवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि फर्मवेअरवर सही करायच्या खाजगी किल्ल्या बाहेर पडल्या. त्यांत इंटेल बूट गार्डच्या, म्हणजे सही नसलेलं फर्मवेअर सुरू होऊ न देणाऱ्या पहाऱ्याच्याही होत्या. बूट गार्डच्या किल्लीची खूण कारखान्यातच चिपसेटच्या फ्यूजमध्ये जाळून ठेवलेली असते, त्यामुळे फुटलेली किल्ली रद्द करून नवी देता येत नाही. 2024 मध्ये बिनार्ली या सुरक्षा कंपनीने दाखवलं, की शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटच्या मुळाशी अमेरिकन मेगाट्रेंड्सची चाचणीपुरती बनवलेली किल्ली तशीच बसवलेली होती, आणि तिच्यावर ‘डू नॉट ट्रस्ट’ असं लिहिलेलंही होतं.

शिवाय कंपनीला स्वतःला दार हवं असतं तेव्हा ते चांगलं उघडतं. 2014-15 च्या सुमारास लेनोवोच्या काही ग्राहक लॅपटॉपमध्ये ‘लेनोवो सर्व्हिस इंजिन’ होतं. विंडोज अगदी कोरं टाकलं तरी फर्मवेअर स्वतःहून कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा आत आणून बसवायचं. त्यात सुरक्षेची भोकं सापडली, बोंबाबोंब झाली, आणि मग ते काढायचा अपडेट आला. काही कंपन्यांचे बायोस परका वाय-फाय कार्ड बसवला तर यंत्र बूटच करायचे नाहीत. जुन्या थिंकपॅडवाल्यांना तो 1802 नंबरचा एरर अजून आठवत असेल. शे-पाचशे रुपयांचा कार्ड बदलू न देण्यात ग्राहकाची कसली सुरक्षा होती, हे मला आजवर उमगलेलं नाही.

या सगळ्यावरून कुलूप निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष मी काढत नाही. कुलूप लावणारा आणि ज्याच्याविरुद्ध ते लावलंय तो, या दोघांची नीट फोड व्हायला हवी, एवढंच. हिंजवडीतल्या कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला लॅपटॉप घ्या. त्याचा बायोस पासवर्डने बंद असतो, यूएसबीवरून बूट होत नाही, काही बदलता येत नाही. मला ते शंभर टक्के मान्य आहे, कारण यंत्र कंपनीचं आहे आणि मालकाने आपल्या मालमत्तेला कुलूप घातलंय. हाच न्याय त्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून घरी आणलेल्या लॅपटॉपला लावा. तिथला मालक कोण?

कायद्याला विचारलं तर उत्तर अगदीच प्रतिकूल नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 43 परवानगीवाचून संगणकात घुसण्याबद्दल बोलतं, पण ती परवानगी ‘मालकाची किंवा ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याची’, बनवणाऱ्याची नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65 अ आलं. तांत्रिक कुलूप तोडणं त्यात गुन्हा ठरतं, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. आणि कलम 52 मध्ये, कायदेशीररीत्या हाती आलेल्या प्रोग्रॅमचं काम कसं चालतं ते पाहणं, अभ्यासणं, तपासणं याला सूट दिलेली आहे. स्वतःच्या लॅपटॉपचं व्होल्टेज पन्नास मिलिव्होल्टने उतरवणारा माणूस कोणाचा हक्क मारतो? मी वकील नाही, आणि ‘फर्मवेअर उघडायचा हक्क’ असा शब्दप्रयोग आपल्या कायद्यात कुठे नाही, हेही खरं. म्हणूनच तो स्पष्ट लिहिला जावा, असं मला वाटतं.

खरी दहशत मात्र कायद्याची नसतेच. ती वॉरंटीची असते. ‘बायोसला हात लावला की वॉरंटी गेली’ हे वाक्य दुकानदारापासून सर्व्हिस सेंटरपर्यंत सगळे इतक्या ठामपणे म्हणतात, की पोरं बिजागरी तुटली तरी लॅपटॉप दाखवायला घाबरतात. बिजागरीचा आणि व्होल्टेजचा काय संबंध? बदल केला आणि बिघाड झाला, एवढ्याने पहिल्यामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. ते दाखवून द्यायची जबाबदारी वॉरंटी नाकारणाऱ्यावर हवी. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे, सर्किटचा नकाशा आहे, बिघाडांच्या नोंदी आहेत, त्याने सिद्ध करावं. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपलं निरपराधित्व कशाच्या जोरावर सिद्ध करायचं? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दोष तपासायला वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवायची तरतूद आहे आणि एकतर्फी, अन्यायकारक करारांची कल्पनाही आहे. हे दोन्ही धागे फर्मवेअरपर्यंत ओढायचे, एवढंच काम बाकी आहे.

पुणं हे गाड्यांचं गाव, तेव्हा गाडीचं उदाहरण इथे लवकर पटेल. स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांपर्यंत जाऊच देत नव्हत्या. पुढे अपिलात रकमेवरून बरीच ओढाताण झाली, पण तत्त्व नोंदलं गेलं: विकलेल्या वस्तूच्या दुरुस्तीवर अशी मक्तेदारी चालणार नाही. म्हणून नाना पेठेतून आणलेला कोणताही भाग बसवून गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) हवा तसा बदलून फिरायला मोकळीक आहे का? नाही, आणि नसावी. रस्ता सगळ्यांचा आहे, धूरही सगळ्यांच्या छातीत जातो. वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी अख्खी संस्था त्याच तपासणीसाठी बसलेली आहे.

लॅपटॉपलाही हीच रेघ लावता येते. आत जे बदललं त्याचे भोग फक्त मालकाच्या वाट्याला येत असतील, तर ते मालकाचं. व्होल्टेज, वॅट, रॅमचा वेग, पंख्याची चढण, व्हर्च्युअलायझेशन, सगळं यात येतं. ज्याची झळ दुसऱ्याला लागू शकते, ते बंदच राहू दे. बॅटरी चार्ज करायची मर्यादा कोणी वाढवू नये, कारण लिथियमची बॅटरी वसतिगृहाच्या खोलीत पेटली तर एकट्याची जळत नाही. तापमान धोक्याच्या पातळीवर गेलं की यंत्र आपणहून बंद पडतं, ती शेवटची कळ कुणाच्याही हाती देऊ नये. वाय-फायची प्रसारणशक्तीही नाही. हवेतल्या लहरी वाटून घ्यायच्या असतात. गेमिंगवाल्यांतल्या अतिउत्साही मंडळींना ही यादी आवडणार नाही. त्यांना सगळंच हवं असतं. तेही बरोबर नाही, एवढं इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

एक मुद्दा कंपन्यांच्या बाजूने उरतो, तो धंद्याचा. एकाच नावाचं ग्राफिक्स कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये फार वेगवेगळ्या ताकदीने चालतं. आरटीएक्स 4060 चा लॅपटॉप अवतार 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कुठेही बसवता येतो. स्वस्त मॉडेल कमी वॅटला बांधायचं आणि महाग मॉडेल जास्त, यावर दुकान चालतं. याबद्दल मी फार तक्रार करणार नाही. पातळ चेसिस आणि लहान अडॅप्टर असताना ते बांधणं बहुधा योग्यही असतं. फक्त तो आकडा खोक्यावर ठळक छापा. सेनापती बापट रस्त्यावरच्या झगमगीत शोरूममध्ये जाऊन ‘याची टीजीपी किती?’ (म्हणजे ग्राफिक्स कार्डाला किती वॅट मिळतात) असं विचारून पाहा. विक्रेता आतल्या माणसाला विचारायला जातो आणि येताना बॅगेवर सूट मिळेल असं सांगतो.

मग किल्ली द्यायची कशी, की मालकाला मिळेल आणि चोराला मिळणार नाही? याचं उत्तर कित्येक वर्षं बाजारात आहे. जुन्या क्रोमबुकांच्या मदरबोर्डवर एक स्क्रू असायचा. तो जागेवर असेपर्यंत फर्मवेअरच्या राखीव भागावर कोणालाच लिहिता येत नसे, आणि तो काढायचा तर यंत्र हातात घेऊन मागचं कव्हर उघडावं लागे. दूरदेशी बसलेल्या कुठल्याही व्हायरसला स्क्रू फिरवता येत नाही. प्लंडरव्होल्टचा आक्षेप एवढ्यावर गळून पडतो, कारण तो हल्ला सॉफ्टवेअरमधून होणारा होता. गेमिंग लॅपटॉपच्या आतही असा एक स्क्रू किंवा स्विच देता येईल. तो सरकवला की बायोसमध्ये मालकासाठीची पानं उघडावीत, पहिल्या पडद्यावर धोक्याची सूचना ठसठशीत यावी, आणि काय बदललं त्याची नोंद यंत्रातच राहावी. ती नोंद ग्राहकाच्या उपयोगाची आणि कंपनीच्याही. बिजागरीचा वाद तिथल्या तिथे मिटेल. व्होल्टेज उतरवल्यामुळे सिक्युअर बूट बंद पडायचं काहीच कारण नाही, तेव्हा आजकाल ज्या गेम सिक्युअर बूटशिवाय उघडत नाहीत त्याही चालू राहतील.

सोबत मागे फिरायची वाट हवी. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर बायोस बिघडला तर विंडोज आणि बी ही बटणं धरून ठेवल्यावर राखून ठेवलेली प्रत परत येते. म्हणजे हे तंत्र अवघड नाही, परवडत नाही असंही नाही. आणि अपडेटच्या बाबतीत एक नियम तर उद्यापासून हवा. बायोसच्या अपडेटने एखादी सोय काढून घेतली जाणार असेल, तर ते आधी सांगितलं पाहिजे, आणि नको असेल त्याला जुन्या आवृत्तीवर परतता आलं पाहिजे. ‘सिस्टिमची सुरक्षा आणि स्थिरता वाढवली’ असं मोघम लिहून स्लायडर गोठवणं म्हणजे विकलेल्या वस्तूतला एक भाग रात्रीतून परत नेणं आहे. दुकानदाराने घरी येऊन फ्रिजचा एक खण काढून नेला असता, तर आपल्या सोसायटीने त्याला गेटबाहेर जाऊ दिलं असतं का?

हे सगळं घडवून आणायला आपल्याकडे चौकट नाही असंही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात आली. पुढे वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे ते दाखवणाऱ्या निर्देशांकाचा आराखडा 2025 मध्ये सादर झाला, तो पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपुरता. उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती दिली आहे का, सॉफ्टवेअर अपडेट किती, असे निकष त्यात आहेत. लॅपटॉपची पाळी येईल तेव्हा त्यात आणखी काही प्रश्न घालून घ्यायला हवेत: फर्मवेअरची मूळ फाइल कंपनी देते का, बिघडलेला बायोस मालकाला घरी परत उठवता येतो का, आणि मालकासाठीची सेटिंगं कागदोपत्री जाहीर केली आहेत का. हे प्रश्न दिल्लीत कोणी आपणहून लिहील असं वाटत नाही. ग्राहक पंचायत 1974 साली याच पुण्यात उभी राहिली. तिच्या आजच्या कार्यकर्त्यांनी हिंजवडी-खराडीत फर्मवेअर लिहून पोट भरणारे दोन-चार जण आणि तपकीर गल्लीतले दोन-चार कारागीर एका टेबलाशी बसवले, तर मसुदा इथेच लिहून होईल.